बिनतारी शहर (भाग ६) : खांबावरची पेटी, खड्ड्यातलं मीटर

टेक्सासमधल्या कॉर्पस ख्रिस्ती या समुद्रकाठच्या शहरात पाणी आणि घरगुती गॅस, दोन्ही महापालिकाच पुरवते. त्यामुळे दारोदार फिरून मीटर वाचायचं कामही तिच्याच गळ्यात. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका मीटर वाचणाऱ्या कर्मचाऱ्यावर कुत्र्याने हल्ला केला. कोणत्याही नगरपालिकेत असं काही झालं की जखमेला मलमपट्टी होते, एक परिपत्रक निघतं आणि विषय मिटतो. इथे मात्र अधिकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : माणसाला कुंपणाच्या आत पाठवायचंच कशाला? त्यातून जवळजवळ सबंध शहरभर पसरलेलं वायफायचं जाळं उभं राहिलं.

गेल्या आठवड्यात आपण अशा जाळ्याची रचना पाहिली. दिव्याच्या खांबांवर पेट्या, प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीशी बोलणारी, आणि मधूनमधून एखादी पेटी फायबरला जोडलेली. पण मीटरमध्ये वायफाय बसवत नाहीत, हे आधी सांगायला हवं. वायफायची चिप बॅटरी पिते, आणि मीटरमधली बॅटरी दहा-पंधरा वर्षं बदलावी लागू नये अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या उष्ण भागांत पाण्याचं मीटर बहुधा रस्त्याकडेच्या खड्ड्यात, झाकणाखाली असतं. त्याला जोडलेला चिमुकला रेडिओ दिवसातून काही वेळा क्षणभर जागा होतो, आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. जवळच्या खांबावरचा संग्राहक असे शेकडो आकडे गोळा करतो आणि वायफायच्या जाळ्यावरून कार्यालयात धाडतो. एका मीटरच्या दिवसभराच्या माहितीला एका छायाचित्राइतकीही जागा लागत नाही.

खरा फायदा महिन्याच्या बिलात नसतो. तो रात्री तीनच्या आकड्यात असतो. त्या वेळी घरात कुणी नळ सोडलेला नसतो. तरी मीटर रोज रात्री थोडं थोडं फिरत असेल तर कमोडची टाकी गळते आहे किंवा जमिनीखाली नळ फुटला आहे. गल्लीतल्या सगळ्या मीटरांची बेरीज आणि त्या गल्लीत सोडलेलं पाणी यांत मोठा फरक पडला, तर गळती घरात नसून पालिकेच्या वाहिनीत आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही.

एकदा जाळं उभं राहिलं की बाकीची कामं त्यावर स्वार होतात. बांधकाम निरीक्षक जागेवरूनच अहवाल भरू लागला, पोलिसांच्या गाड्यांपर्यंत नोंदी पोचू लागल्या. जाळ्याचा खर्च मात्र मीटरच्या कामातून निघावा, असा हिशेब आधीच मांडलेला होता.

आता याच्या उलट टोकाला फिलाडेल्फिया. २००४ मध्ये तिथल्या महापौरांनी, जॉन स्ट्रीट यांनी, अख्ख्या शहराला स्वस्त वायफाय देण्याची घोषणा केली. कंत्राट अर्थलिंक कंपनीला मिळालं. पेट्या लागल्या, पण ग्राहक आले सहा हजारांच्या आसपास. कारण साधं होतं. खांबावरची पेटी मोठ्या आवाजात बोलते. घरातल्या लॅपटॉपचं उत्तर मात्र कुजबुजीसारखं असतं आणि विटांची भिंत ओलांडताना विरून जातं. ठरवलेल्यापेक्षा जास्त पेट्या लागल्या, खर्च फुगला, आणि २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. पुढच्या वर्षाअखेरीस महापालिकेनेच ते जाळं सुमारे २० लाख डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. कशासाठी? तर स्वतःच्या कामांसाठी. याच काळात कॉर्पस ख्रिस्तीनेही आपलं जाळं याच कंपनीला विकलं होतं. तेही साधारण वर्षभरात परत आलं. पण तिथे मीटरं रोजचा आकडा पाठवत होती, म्हणून परत आलेल्या जाळ्याला काम होतं.

आपल्याकडे २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि त्यानंतर कित्येक शहरांनी फिलाडेल्फियाचाच रस्ता धरला. चौकात फलक, फलकावर नेत्यांचे फोटो, ‘मोफत वायफाय’. २०१६ नंतर मोबाइल डेटा मातीमोल झाला आणि त्या चौकांत कुणी थांबेनासं झालं. नगरपरिषदेने नागरिकाच्या हातातल्या फोनची चिंता करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने आपल्या टाक्या, पंप, व्हॉल्व्ह आणि घंटागाड्यांची करावी. टाकीची पातळी किंवा पाण्यातलं क्लोरीन सांगणाऱ्या उपकरणाला जाडजूड वायफायही लागत नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा त्याला पुरतो आणि पल्लाही लांब मिळतो.

मात्र अमेरिकेचं चित्र जसंच्या तसं उचलायला गेलो तर दोन ठिकाणी अडतं. पहिलं, पाणी. दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात नळ रिकामे होतात, पाणी सोडलं की आधी हवा धावते आणि मीटर हवेवर फिरतं. असला आकडा रेडिओने पाठवला काय किंवा वहीत लिहिला काय, नागरिक भांडायला येणारच. रात्री तीनचा आकडा तर अशा गावात अस्तित्वातच नसतो. कराडजवळच्या मलकापूरने क्रम बरोबर लावला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून आधी वाहिन्या बदलून चोवीस तास पाणी आणलं, त्याच योजनेत रेडिओने वाचता येणारी मीटरं बसवली आणि जास्त वापराला चढता दर लावला. त्या वेळी तीस हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. मोठमोठ्या महापालिकांना जे जमलं नाही ते तिथे झालं.

दुसरी अडचण खांबाची, आणि ती निविदा लिहिताना हटकून विसरली जाते. अमेरिकेत बहुतेक दिव्यांना आपापला प्रकाशसंवेदक असतो, म्हणून खांबावर दिवसाही वीज असते. पेटी तिथूनच वीज घेते. आपल्याकडे सबंध रांगेचे दिवे एका पॅनेलवरून चालू-बंद होतात. सकाळी सहाला रांग बंद झाली की पेटीही बंद. त्यात खांब बऱ्याचदा महावितरणचा, दिवा नगरपरिषदेचा, आणि पेटी ठेकेदाराची. सौर पट्टी आणि बॅटरी लावायची, की वेगळी तार ओढायची, आणि त्या विजेचं बिल कुणाच्या नावावर, हे कार्यादेश निघण्याआधी ठरलेलं बरं. या दोन्ही पर्यायांचा खर्च पुढच्या भागात मांडतो.