आज्ञा कोणाची मानावी

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलू तालुक्यात केळझर लागते. सिद्धिविनायकाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांस हे गाव परिचित आहे, आणि स्थानिक परंपरेप्रमाणे महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराचा वध केला तोही येथेच. या आख्यानात श्रोत्यांचे लक्ष सहसा गाडाभर अन्नाकडे व पुढील मुष्टियुद्धाकडे जाते. परंतु परक्या ब्राह्मणाचे घर वाचविण्याकरिता कुंतीने आपला पुत्र राक्षसाकडे धाडण्याचे ठरविले, युधिष्ठिराने त्यास हरकत घेतली, आणि भीम मात्र मातेच्या शब्दासरशी निघाला, हा भाग मला अधिक अर्थगर्भ वाटतो. आज्ञा पाळणाऱ्यास पहिला विरोध घरातूनच व्हावा, हे आपल्याला मुळीच नवीन नाही. पण महाराष्ट्रातील प्रारंभीच्या ख्रिस्ती पिढ्यांची हकीकत आपण एकतर मिशनच्या अहवालांतून वाचली वा त्यांच्या विरोधकांच्या अग्रलेखांतून, सबब ती या दृष्टीने फारशी पाहिली गेली नाही.

याच मार्गावर, नागपूरच्या बाजूस, टाकळघाट आहे. १८४५ मध्ये नागपुरास आलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप तेथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीस परतत असता ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, आणि भूगर्भशास्त्रज्ञही त्याचे स्मरण ठेवतात. तथापि परदेशातून आलेल्या उपदेशकाचे कष्ट आणि येथील नवख्रिस्ती माणसाचे कष्ट यांची जात निराळी. हिस्लॉपला नदीने नेले. त्याच्या घराने त्याला टाकले नव्हते.

घराने टाकणे म्हणजे काय, हे मुंबईतील शेषाद्री बंधूंच्या प्रकरणात दिसते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहात होता, पण पित्याने फिर्याद केल्यावर सुप्रीम कोर्टाने त्या अल्पवयीन मुलास पित्याच्या हवाली केले. विलक्षण भाग यापुढचा. परत आलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला, तेव्हा खुद्द त्यांच्यावरच सनातन्यांचा रोष ओढवला. जाणाऱ्याला क्षमा नाही, परतणाऱ्याला दार नाही आणि दार उघडू पाहणाऱ्यालाही बोल! पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तजवीज झाली खरी. पण पंक्तीतील पाट कोणत्या कायद्याने मिळावा?

ना. वा. टिळकांची कथा सर्वांस ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असे सर्वांस वाटते. नागपूर–राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास सांगितले व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथवर सारे टिळकांचे. परंतु या निर्णयाचे ओझे प्रत्यक्षात वाहिले ते लक्ष्मीबाईंनी, ज्यांना कोणी विचारलेही नव्हते. त्या काही वर्षे पतीपासून दूर माहेरच्या माणसांत राहिल्या; पुढे अहमदनगरकडे त्याच्याजवळ आल्या तरी सोवळेओवळे आणि निराळी चूल त्यांनी सोडली नाही; आणि जातिभेद ईश्वराने केलेला नव्हे असे स्वतःच्या मनाशी पटले तेव्हाच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, ते त्या लेखणीचे सामर्थ्य. पण पतीची आज्ञा म्हणून नव्हे तर स्वतःस दिसलेल्या सत्याची आज्ञा म्हणून टाकलेले हे पाऊल मला टिळकांच्या पावलाहून कठीण वाटते.

आणि ज्यांनी घराचा विरोध सोसला त्यांना पुढे स्वकीय ख्रिस्ती मंडळींचाही सोसावा लागला. १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी इंग्लंडातील भगिनींशी चर्चच्या अधिकारावरून स्पष्ट वाद घातला. १८८९ मध्ये काढलेल्या शारदासदनावर मुलींना बाटविल्याचा आरोप येऊन रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. म्हणजे एका बाजूस त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि दुसऱ्या बाजूस फाजील ख्रिस्ती होत्या. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही मुभा ठेवली.

वर्ध्याला याचे जवळचे उदाहरण म्हणजे मगनवाडीतील जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातला हा हिशेबतपासनीस १९३० च्या सत्याग्रहात ‘यंग इंडिया’चा संपादक झाला, तेव्हा कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ती शिकवणुकीस सोडून आहे असे मत दिले, त्यास कुमारप्पांनी येशूच्याच आचरणाचा आधार देऊन उत्तर केले. सरकारचा हुकूम, धर्माधिकाऱ्याचा कौल आणि प्रभूची आज्ञा या तिन्हींत त्यांनी तिसरी निवडली. ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहणारा हा माणूस ‘बेचाळीस’च्या चळवळीत पुन्हा कैदेत गेला, आणि येशूच्या शिकवणुकीवरील त्याचा ग्रंथ जबलपूरच्या तुरुंगात लिहिला गेला.

आतापर्यंत नावे आली ती बहुतेक सुशिक्षितांची, ज्यांचे चरित्र लिहिले गेले. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांची चरित्रे कोण लिहिणार? १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसा राखला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. गाव ज्याला जुन्याच जातीने ओळखते त्याच्या दाखल्यातून ती जात गळते. तेव्हा काही कुटुंबे कागदोपत्री हिंदू राहून रविवारी उपासनेस जातात. त्यांना दुबळे म्हणणारे उपदेशक पुष्कळ आहेत. मुलाची शिष्यवृत्ती पणाला लावण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही त्याने हा शब्द वापरू नये, असे मला वाटते.