पन्नास स्क्रूंची पट्टी आणि खारा वारा

प्लॅस्टिकच्या लवचीक पट्टीत ५० स्क्रू ओळीने खोचलेले असतात. पट्टी मशीनच्या तोंडात सरकवायची, तोंड जिप्सम बोर्डावर टेकवायचे आणि दाबायचे. दाबासरशी तोंड आत जाते, दातेरी चाक पट्टीला एक घर पुढे ओढते, लांब बिट स्क्रूच्या डोक्यात बसते, स्क्रू पट्टीतून सुटून बोर्डात शिरतो आणि ठरवलेल्या खोलीवर क्लच सुटतो. हात मागे घेतला की स्प्रिंग तोंड पुन्हा बाहेर लोटते आणि पुढचा स्क्रू तयार. हात बसलेला कारागीर हे सगळे दोन-तीन सेकंदांत उरकतो. ऑटो-फीड स्क्रू गन ती हीच.

रोज हजारभर स्क्रू मारणाऱ्या टोळीने ती घ्यावी की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न पडतो तो वर्षातून दोन-चार खोल्या करणाऱ्याला, आणि रायगडच्या किनाऱ्यावर अशी माणसे बरीच आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि शनिवार-रविवारच्या घरांसाठी मुंबईकरांना हा किनारा आणखी जवळ आला. नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात वाडीतल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारे घरमालक आहेत, आणि त्यांच्याकडे सुतारकाम, वायरिंग, सिलिंग असे मिळेल ते करणारे गावचे मिस्त्रीही. दरम्यान ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच जमिनीवर आले. पत्रे आणि कौले उडाली. छप्पर गेले की खालचे जिप्समही गेलेच, कारण कागदाच्या दोन थरांमधला हा दगड पाणी प्यायला की बसतो.

मशीन ठरवण्याआधी काम मोजावे. आपल्याकडचा नेहमीचा बोर्ड ६ बाय ४ फुटांचा, १२.५ मिलिमीटर जाडीचा असतो. सिलिंगला लोखंडी सेक्शन साधारण ४५७ मिलिमीटरवर येतात. त्यांवर मधल्या भागात २३० मिलिमीटरवर आणि बोर्डाच्या टोकांना १५० मिलिमीटरवर स्क्रू घ्यायचा, अशी पद्धत आहे. या हिशेबाने एका बोर्डाला पस्तीसच्या आसपास स्क्रू लागतात. १२ बाय १० फुटांच्या खोलीला पाच बोर्ड, म्हणजे पावणेदोनशे स्क्रू. सुट्टा स्क्रू बिटवर चढवून मारायला दहा सेकंद धरले तर अर्धा तास, ऑटो-फीडने तीन सेकंद धरले तर नऊ मिनिटे. एका खोलीमागे वाचली ती वीस मिनिटे. त्याच खोलीत लेव्हल काढणे, चॅनेल बांधणे, बोर्ड कापणे, सांध्यांना टेप लावणे आणि कंपाउंडचे हात सुकू देणे यात दोन दिवस सहज जातात. श्रावणातल्या दमट हवेत तर कंपाउंड दिवसभर ओलेच राहते. वीस मिनिटांसाठी एवढे महाग यंत्र घेणे हा निव्वळ हौसेचा मामला झाला.

पण वेगाच्या हिशेबात न येणारी एक गोष्ट आहे. ६ बाय ४ चा बोर्ड वीस किलोच्या घरात भरतो. तो डोक्यावर धरून घोडीवर उभ्या असलेल्या माणसाला तिसरा हात हवा असतो. सुट्ट्या स्क्रूंचे काम दोन हातांचे आहे: एकाने ड्रिल धरायचे, दुसऱ्याने खिशातून स्क्रू काढून टोकावर ठेवायचा. तोपर्यंत बोर्ड कोण धरणार? ऑटो-फीडला एकच हात पुरतो आणि दुसरा बोर्डाला लावता येतो. भिंतीच्या कामात याला फारशी किंमत नाही, सिलिंगच्या कामात आहे, आणि मदतीला गडी नसलेल्या एकट्या मिस्त्रीसाठी सर्वांत जास्त आहे. ऑटो-फीडच्या बाजूने सांगण्यासारखे खरे कारण हे आहे. जाहिराती मात्र वेगाबद्दलच बोलतात.

दुसरा गुण स्क्रू किती खोल जातो त्याचा. जिप्समच्या स्क्रूचे डोके कर्ण्यासारखे फाकलेले असते, ते कागदाला न फाडता आत दाबावे म्हणून. कागदाच्या पातळीखाली किंचित खळगा पडला की स्क्रू बरोबर बसला. डोके वर राहिले तर पुट्टीचा पत्रा त्याला अडतो. जास्त आत गेले तर कागद फाटतो, आणि बोर्डाची पकड कागदातच असल्याने तो स्क्रू नुसता दिसायला उरतो. स्क्रू गनचे तोंड ही खोली यंत्रानेच ठरवते. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे या कामाचे हत्यार नव्हेच; त्याचे ठोके क्षणात डोके कागदापार नेतात.

खोलीच्या या गुणासाठी मात्र ऑटो-फीड घ्यावे लागत नाही. साध्या ड्रिलला लावायचे, भोवती धातूची वाटी असलेले ड्रायवॉल बिट मिळते. वाटी बोर्डाला टेकली की बिट स्क्रूच्या डोक्यातून सुटते. हे इतके सोपे जमते याला फिलिप्स डोक्याचा एक जुना दोष उपयोगी पडतो. हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये पेटंट घेतलेला हा अधिक चिन्हाचा खाचा जोर वाढला की बिटला बाहेर ढकलतो. इतर कामांत त्याला शिव्या बसतात, इथे तो सेवेला लागतो. बिट मात्र दोन नंबरचेच हवे आणि झिजले की बदलायला हवे. झिजलेल्या बिटने चांगली मशीनही बदनाम होते.

म्हणजे पायऱ्या तीन आहेत. घरात १२ किंवा १८ व्होल्टचे क्लचवाले ड्रिल असेल तर वाटीचे बिट घ्यावे. वर्षातून एक-दोन खोल्यांना ते पुरते. काम वाढले की दुसरी पायरी, पट्टीविना स्क्रू गन. मकिताची १८ व्होल्टची डीएफएस४५२ मिनिटाला ४००० फेरे घेते. बॉशची वायरवाली जीएसआर ६-४५ टीई ७०१ वॅटची असून ४५०० फेऱ्यांपर्यंत जाते. पातळ पत्र्याच्या सेक्शनमध्ये स्क्रूने स्वतःच भोक पाडून शिरायचे असते, म्हणून हा वेग लागतो. तिसरी पायरी ऑटो-फीड. इथेही दोन वाटा आहेत: मकिताच्या डीएफआर५५० सारखे २५ ते ५५ मिलिमीटरचे स्क्रू घेणारे जन्मजात पट्टीचे मशीन, किंवा बॉशच्या स्क्रू गनवर चढणारे एमए ५५ हे वेगळे तोंड. अधूनमधून काम करणाऱ्याला दुसरी वाट परवडते. तोंड काढले की हातात साधी स्क्रू गन उरते, आणि ती लागतेच. पट्टीचे रुंद तोंड भिंतीलगतच्या कोपऱ्यात शिरत नाही, दिव्याच्या भोकाशी अडखळते, आणि जिप्समची भुकटी दात्यांत साचली की पट्टी अडकते.

बॅटरी की वायर याचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. ज्या कंपनीच्या बॅटऱ्या घरात आहेत तिचेच नुसते, बॅटरीविना मशीन घ्यावे. छप्पर उडालेल्या घरात वीज असेलच असे नाही, हे २०२० च्या जूनमध्ये किनाऱ्याला कळलेच.

इथवरचा हिशेब पुण्यात किंवा नागपुरातही लागू पडेल. किनाऱ्याचा हिशेब स्क्रूपाशी सुरू होतो.

बाजारात सहज मिळणारा जिप्समचा स्क्रू काळा असतो. तो काळेपणा फॉस्फेटच्या पातळ थराचा. हा थर कोरड्या खोलीत भागवतो. खाऱ्या वाऱ्यापुढे आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसापुढे त्याचा निभाव लागत नाही. आधी डोके गंजते, मग पांढऱ्या रंगातून तांबूस ठिपका उमटतो, आणि ठिपक्यांच्या रांगा सेक्शन कुठून गेले ते पाहुण्यांना खालून दाखवतात. बोर्ड ओल सोसणारा, हिरव्या कागदाचा घेतला तरी स्क्रू काळाच असेल तर उपयोग अर्धाच. जस्ताचा किंवा त्याहून टिकाऊ लेप असलेला स्क्रू हवा. सुट्टा तो अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारून मिळवता येतो. पट्टीत तोच मागितला की बहुतेक मुंबईकडे, नागदेवीच्या हत्यारबाजाराकडे बोट दाखवले जाते. शिवाय सगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या सारख्या नसतात. स्क्रूंमधले अंतर आणि पट्टीची रुंदी जुळली नाही तर मशीन ती ओढत नाही.

लोखंडाशी फारकत घेतलेली एक वास्तू अलिबागेतच उभी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले. तिथल्या निरीक्षणाच्या इमारती मुद्दाम अचुंबकीय साहित्याने बांधल्या. होमस्टेच्या मालकाला इतकी शिस्त परवडणार नाही, पण बांधकामात कोणता धातू कुठे जातो हे आधी ठरवायची चाल गावाला नवी नाही.

म्हणून इथे खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. आधी लेपाचा स्क्रू पक्का करावा: पत्र्याच्या सेक्शनला बारीक आट्यांचा, लाकडी पट्टीला जाड आट्यांचा, एकेरी बोर्डाला २५ मिलिमीटरचा. मग तो पट्टीत मिळतो का, आणि काम चालू असताना संपला तर किती दिवसांत येतो, ते विचारावे. उत्तर समाधानकारक असेल, काम सिलिंगचे असेल आणि वर्षाला आठ-दहा खोल्या होत असतील, तर ऑटो-फीड तोंड घ्यावे. नाहीतर साधी स्क्रू गन किंवा वाटीचे बिट, आणि वाचलेल्या पैशांत बोर्ड वर दाबून धरणारा टेकू. तो तिसरा हात ऑटो-फीडपेक्षा स्वस्त पडतो आणि गावचा वेल्डर लोखंडी पाइपाचा करूनही देतो. यंत्र घेतलेच तर पावसाळ्याआधी तोंड उघडून भुकटी झटकावी, स्प्रिंगला तेलाचा हात द्यावा, आणि उरलेल्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.