वीरगळ : गावातले युद्धस्मारक

युद्धस्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातल्या चौकातला स्तंभ येतो. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत त्याहून खूप जुनी युद्धस्मारके उभी आहेत. मारुतीच्या देवळाबाहेर, पाराशेजारी किंवा वेशीपाशी, मातीत अर्धवट रुतलेला, शेंदूर फासलेला कोरीव दगड आपण पाहिलेला असतो. तो बहुधा वीरगळ असतो. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड. लढताना मरण पावलेल्या माणसाच्या आठवणीसाठी तो उभारला जाई.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई आणि धारातीर्थी पडलेला वीर दिसतो. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गावची गुरे वाचवताना मेला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. चौकटींच्या कडेचे खांब आणि वरचा कलश यांमुळे काही वीरगळ लहानशा देवळासारखेच दिसतात. अशा खांबांची घडण, वीराची शस्त्रे आणि पोशाख यांवरून अभ्यासक वीरगळाच्या काळाचा अंदाज बांधतात.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ प्रसिद्ध आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तेथील सहा शिळांचे वर्णन आहे. त्यांतल्या चार सुमारे दहा फूट उंच. काही शिळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरलेली आहेत. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांवर एक अक्षरही नाही. मग हा वीर कुठला, हे कशावरून समजायचे? दगड जिथे उभा आहे त्या जागेवरून. म्हणून रस्ता रुंद करताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करताना वीरगळ उचलून भलतीकडे ठेवला, तर दगड वाचतो, पण माहिती हरवते.

आपल्याकडचे वीरगळ बहुधा काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे असतात. लाव्हा थंड होऊन बनलेला हा खडक कणखर असतो, तरी त्यात बारीक छिद्रे व भेगा असतात. जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते आणि पृष्ठभागावरून वाफ होऊन निघून जाते. दगडाला ऑइल पेंट लावला की ही वाट बंद होते. पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या थराआड साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पापुद्र्याबरोबर वीराचा चेहराही जातो. सिमेंटच्या ओट्यात बसवलेल्या शिळेलाही असाच धोका असतो, कारण सिमेंटमधूनही क्षार येतात. रंग देणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, हे विसरू नये. लोकांनी देव मानले म्हणूनच यांतले अनेक दगड पायरीत किंवा बांधात गेले नाहीत. तेव्हा रागावण्याऐवजी कारण समजावून सांगणे बरे.

विद्यार्थ्यांना घेऊन हे काम सहज करता येते. संध्याकाळी विजेरीचा प्रकाश शिळेवर एका बाजूने, तिरपा पाडावा. झिजलेल्या आकृतींच्या सावल्या लांबतात आणि भर उन्हात न दिसलेली तलवार किंवा गाय उठून दिसते. मग उंची-रुंदी मोजावी, चौकटींचे चित्र काढावे आणि गावाच्या नकाशावर जागेची खूण करावी. शिळेला खडू, तेल किंवा पाणी लावू नये. घासू तर मुळीच नये.

अशी एक वही शाळेत ठेवली, तर पुढे दगड हलला तरी त्याचा पत्ता हरवणार नाही. ज्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, त्याचे गाव तरी आपण लिहून ठेवू या.