स्पेसर : दम्याच्या औषधाचा पुरेपूर वापर

औषधाची किंमत वेष्टनावर छापलेली असते. त्याचा उपयोग मात्र ते योग्य जागी किती पोहोचते यावर ठरतो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण होते. जगातील सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात, तर दम्याने होणारे सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात, ही तफावत चिंताजनक आहे. श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड औषध नियमित न घेणे हे त्यामागील एक मोठे कारण. घेतलेले औषध वाया जाणे हीदेखील दुर्लक्ष करण्याजोगी बाब नाही.

बोलीभाषेत ‘पंप’ म्हटला जाणारा इनहेलर १९५६ पासून वापरात आहे. त्यातील फवारा अतिशय वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे पंप दाबणे व श्वास घेणे या क्रिया एकाच वेळी साधाव्या लागतात. मुले, वृद्ध व धाप लागलेले रुग्ण यांना ते जमत नाही आणि बरेचसे औषध घशातच राहते. स्पेसर म्हणजे इनहेलर व तोंड यांच्यामधील पोकळ नळी. तीत फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे थेंब आतच बसतात आणि सूक्ष्म कण फुफ्फुसात जातात. स्टेरॉइडमुळे तोंडात होणारा बुरशीचा संसर्गही कमी होतो.

इनहेलर हलवून स्पेसरला जोडावा. श्वास सोडून स्पेसरचे टोक ओठांत घट्ट धरावे, पंप एकदाच दाबावा, सावकाश खोल श्वास घेऊन तो सुमारे १० सेकंद रोखावा. हे न जमल्यास ५-६ साधे श्वास घ्यावेत. लहान बालकांसाठी मुखवटा लावावा. दुसरी मात्रा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावी. स्टेरॉइड घेतल्यानंतर चूळ भरावी. धुतलेला प्लास्टिकचा स्पेसर पुसू नये, हवेवर वाळू द्यावा. पुसल्याने निर्माण होणारी स्थिर वीज औषधाचे कण खेचून घेते.

२०० मात्रांच्या इनहेलरमधील निम्म्या मात्रा वाया गेल्या, तर रुग्णाला औषध दुप्पट महाग पडते. स्पेसर मात्र एकदा घेतला की अनेक महिने टिकतो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून बनविलेला स्पेसरही दम्याचा झटका आलेल्या मुलांमध्ये प्रचलित स्पेसरइतकाच परिणामकारक ठरतो.

भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत दम्याच्या इनहेलरचा समावेश आहे. सार्वजनिक रुग्णालयांतून इनहेलरसोबत स्पेसर देणे आणि रुग्णाकडून तो एकदा समोर वापरून घेणे, ही अल्प खर्चाची जोड त्यास मिळाली, तर औषधांवरील शासकीय खर्चाचा लाभ रुग्णापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.