उभें राहण्याचें मोल

ज्या घरांत सेरेब्रल पाल्सी झालेलें मूल असतें, तेथें येणारा प्रत्येक पाहुणा बहुधा एकच प्रश्न करितो : "हा चालूं कधीं लागणार?" प्रश्नामागें आपुलकी असते यांत संशय नाहीं. परंतु ह्याच प्रश्नानें मुलाचें पुष्कळ अहित होतें, असें आमचें मत आहे. कारण चालण्याची आशा मावळली कीं उभें करण्याची खटपटही थांबते, आणि मोठ्या खर्चानें करविलेली आधाराची चौकट माळ्यावर जाऊन पडते. वस्तुतः उभें राहणें ही केवळ चालण्याची पूर्वतयारी नव्हे. तें स्वतंत्रपणेंच हितकर आहे.

गर्भावस्थेंत, जन्मसमयीं किंवा त्यानंतर लौकरच मेंदूस इजा पोंचली म्हणजे हा विकार उद्भवतो व स्नायूंवरील ताबा बिघडतो. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम लिटल यांनीं १८६१ सालीं ह्याचें सविस्तर विवेचन केलें. म्हणून कित्येक वर्षें यास 'लिटलचा रोग' म्हणत. मेंदूंतील इजा पुढें वाढत नाहीं. परंतु ताठ स्नायूंच्या ओढीनें हाडें व सांधे मात्र वयाबरोबर बिघडत जातात.

आतां हाडांचा धर्मच असा कीं, जसा भार पडेल तशीं तीं घडतात. निरोगी मूल नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास आधार धरून उभें राहूं लागतें, आणि त्या भारानें खुब्याच्या वाटीस योग्य घडण येते. जें मूल सदा निजून किंवा बसूनच असतें, त्याची वाटी उथळ राहते, मांडीचें हाड हळूहळू बाहेर सरकूं शकतें, आणि मग बसणें, कुशीवर वळणें, अंघोळ घालून घेणें, सर्वच वेदनामय होतें. म्हणून स्वतः उभें न राहणाऱ्या मुलासही त्याच वयाच्या सुमारास आधारानें उभें करावें, असें तज्ज्ञ सांगतात.

किती वेळ, याचाही विचार झालेला आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-समालोचनांत आठवड्यांतून पांच दिवस उभें करण्याची शिफारस आहे : हाडांच्या बळकटीसाठीं रोज ६० ते ९० मिनिटें, आणि खुब्यांसाठीं ६० मिनिटें, तींही दोन्ही पायांत मिळून ३० ते ६० अंशांचें अंतर ठेवून. सर्वच लाभांचे पुरावे सारखे भक्कम नाहींत, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु नित्यक्रम मोडला तर लाभाची आशा नाहीं, हें उघड आहे.

आरंभ पांच-दहा मिनिटांनीं करावा. चौकटीची निवड, पट्ट्यांचा ताण व पायांचें अंतर फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावें, आणि खुब्यांची क्ष-किरण तपासणी वैद्याच्या सल्ल्यानें वेळोवेळीं करावी. मूल वेदनेनें रडूं लागलें, निस्तेज दिसलें किंवा पाय निळसर पडले, तर तत्काळ खालीं घ्यावें. हट्टानें उभें ठेवणें हा उपचार नव्हे, शिक्षा होय.

हा एक तास एकट्या आईच्या माथीं मारूं नये. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशाच ठिकाणीं आहे. चौकट भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यांत न ठेवतां माणसांत ठेवावी. आजोबांनीं गोष्ट सांगावी, काकूनें समोरच्या फळीवर मटारच्या शेंगा सोलावयास द्याव्या, भावंडांनीं पत्ते मांडावे. निजलेल्या मुलास आढें दिसतें. उभ्या मुलास माणसांचे चेहरे दिसतात. शाळेंतही एखादा तास त्यास वर्गांत उभ्यानें शिकतां येईल. २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यांत हा विकार समाविष्ट आहे. तेव्हां शाळेकडे अशी सोय मागण्यांत संकोच नको.

संस्कृतांतील 'स्था' ह्या एकाच धातूपासून आस्था आणि प्रतिष्ठा हे दोन्ही शब्द झाले आहेत. घरच्यांनीं पहिली दाखविली, तर दुसरी त्या मुलास न चालतांही लाभेल.