पोरगं घरी बोलतं का?

वस्तीतल्या एखाद्या पोराला पोलिसांनी उचललं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "संगत वाईट होती." दुसरं, "आईबापाचं लक्ष नव्हतं." हे दुसरं वाक्य आईच्या काळजाला लागतं. पहाटे उठून डबे करायचे, मग चार घरची धुणीभांडी. बाप सकाळपासून नाक्यावर कामाच्या शोधात उभा. त्यांनी लक्ष द्यायचं तरी कधी? म्हणून आज 'लक्ष देणं' म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी कॅलिफोर्नियात चार हजारांवर शाळकरी मुलांची पाहणी केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६९ साली आलं. मुलं गुन्हा का करतात, हे सगळेच विचारतात. हिर्शींनी विचारलं, बहुतेक मुलं गुन्हा का करत नाहीत? त्यांना आढळलं, ज्या मुलांचं आईवडिलांशी जवळचं नातं होतं, जी आपल्या मनातलं त्यांच्याशी बोलत होती, ती अशा भानगडीत कमी पडली होती. मोहाच्या क्षणी आईबाप शेजारी उभे नसतात. गरिबाघरचे नसतात, श्रीमंताघरचेही नसतात. त्या क्षणी ते पोराच्या मनात आहेत का, "आईला कळलं तर तिला काय वाटेल" हा विचार येतो का, यावर बरंच ठरतं.

दुसरा अभ्यास स्वीडनमधला. होकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक यांना प्रश्न विचारले. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मूल कुठे जातं, कोणाबरोबर असतं, हे ज्या पालकांना माहीत होतं त्यांची मुलं कमी बिघडलेली दिसली. पण ही माहिती पालकांना मिळाली कशी? खोदून विचारल्याने किंवा पाळत ठेवल्याने फारशी मिळाली नव्हती. बहुतेक माहिती मुलांनी स्वतःहून सांगितलेली होती.

म्हणजे पोराचा मोबाइल तपासण्याआधी एक गोष्ट तपासा. पोरगं घरी येऊन काही सांगतं का? आणि सांगितल्यावर आपण काय करतो?

काही जण म्हणतील, "हे सगळं सुखवस्तू घरांचं झालं." तसं नाही. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली गुन्हे केलेली ५०० आणि न केलेली ५०० मुलं अभ्यासली होती. दोन्हीकडे गरिबी होतीच. तीच माहिती सॅम्पसन आणि लाउब यांनी पुन्हा तपासली आणि १९९३ साली मांडली. गरिबीचा परिणाम बराचसा घरातल्या वागण्यातून मुलापर्यंत पोहोचतो, असं त्यांना दिसलं. गरिबी आईबापाला थकवते, चिडवते. मग आज मार, उद्या लाड, परवा दुर्लक्ष असं सुरू होतं आणि नातं तुटत जातं. म्हणजे वस्तीत राहतो म्हणून पोरगं बिघडणारच, हे खोटं आहे. पोलीस आपल्या पोरांकडे आधीच संशयाने बघतात. निदान आपण तरी तसं बघू नये.

मग करायचं काय?

खरं सांगितल्याबद्दल मार नाही, हा घरचा कायदा करा. पोरगं म्हणालं, "आज शाळेत गेलो नाही", की हात उगारू नका. आधी पूर्ण ऐका. चूक भरून काढायला लावा. कोणाचं नुकसान केलं असेल तर माफी मागायला आणि भरपाई करायला सोबत जा. मार खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकतं.

नियम दोन-चारच ठेवा, पण रोज तेच. रात्री घरी यायची वेळ ठरलेली असावी. त्याचे मित्र तोंडओळखीचे असावेत. त्यांना घरी बोलवा, चहा पाजा.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. रात्रीचं जेवण एकत्र, टीव्ही-मोबाइल बंद. बापाने विशेष बोलावं. पुष्कळ घरांत बाप फक्त रागवण्यापुरता बोलतो. बाप दारू पीत असेल तर आजी, मामा, मावशी, कोणीतरी एक मोठं माणूस असं हवं, ज्याच्याकडे पोरगं न घाबरता जाईल.

बदल ओळखा. शाळा बुडणं, झोप बिघडणं, डोळे लाल, कपड्यांना व्हाइटनर किंवा सोल्यूशनचा वास, हिशोब न लागणारे पैसे, एकदम गप्प होणं. यामागे नशा असू शकते. तसंच कोणी त्याला मारत असेल, त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असेल, किंवा मनाचा आजारही असू शकतो. आरोप करण्याआधी विचारा. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८.

आणि पोलिसांनी नेलंच तर? १८ वर्षांखालच्या मुलाला कायदा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. पालकांना कळवावं लागतं. जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं अपवाद. नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. वकील मोफत मिळतो. वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा किंवा जन्माचा दाखला, घेऊन ताबडतोब जा. १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्रक्रिया वेगळी असते, तेव्हा वकिलाला लगेच गाठा.

इतकी वर्षं रुग्णालयात आणि वस्त्यांत काम करताना मी बऱ्याच आईबापांना रागाच्या भरात म्हणताना ऐकलं आहे, "आजपासून तू आमचा नाहीस." तोंड दाखवायला जागा उरत नाही, हे मला समजतं. पण ते वाक्य पोराला थेट नाक्यावरच्या टोळीच्या हाती देतं, कारण तिथे त्याला कोणीतरी 'आपला' म्हणतं. चांगल्या घरातलं पोरगंही चुकतं. चुकीला चूक म्हणा, शिक्षा होत असेल तर होऊ द्या, पण भेटीच्या दिवशी डबा घेऊन जा. सुटून आल्यावर त्याला परतायला घर राहिलं पाहिजे.