गणिताच्या डोंगरावर पाऊस

१९८० साली अमेरिकेतील सिग्राफ या संगणकचित्रांच्या परिषदेत ‘व्होल लिब्र’ नावाची दोन मिनिटांची फिल्म दाखवली गेली. कॅमेरा डोंगररांगांवरून घारीसारखा तरंगत जातो. पण त्यातला एकही डोंगर पृथ्वीवर नव्हता. बोइंगमध्ये काम करणाऱ्या लॉरेन कारपेंटर यांनी ते गणिताने उभे केले होते. लवकरच लुकासफिल्मने त्यांना नोकरीवर घेतले.

युक्ती साधी आहे. एक त्रिकोण घ्यायचा आणि प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू फासे टाकल्यासारखा थोडा वर किंवा खाली सरकवायचा. चार लहान त्रिकोण तयार होतात. त्यांच्यावर पुन्हा तेच. फक्त दर खेपेला सरकवण्याचे अंतर कमी करायचे. बेनुआ मँडेलब्रॉट यांच्या फ्रॅक्टल भूमितीची ही करामत.

मात्र हा डोंगर उलटा करून पाहा. शिखरांच्या दऱ्या होतात, दऱ्यांची शिखरे, आणि चित्र जवळपास तसेच दिसते! खऱ्या डोंगराचे असे होत नाही, कारण त्याच्या दऱ्या पाण्याने कोरलेल्या असतात. गणिताच्या डोंगरावर पाऊस पडलाच, तर तो जागोजागी खळग्यांतच साचेल.

म्हणून १९८९मध्ये केन मसग्रेव्ह, क्रेग कोल्ब आणि खुद्द मँडेलब्रॉट यांनी संगणकातच पाऊस पाडला. प्रत्येक बिंदूवरचे पाणी शेजारच्या सखल बिंदूकडे वाहते, तीव्र उतारावर माती उचलते, सपाटीवर टाकते. फार उभे कडे ढासळून पायथ्याशी दगडमातीचे ढीग होतात. हा हिशेब पुन्हा पुन्हा केला, की डोंगराच्या अंगावर घळी उमटू लागतात.